शाळेतील इंटरॅक्ट क्लबने पैसा उभा करावा का, आणि करायचा तर कसा?

फळा_खडू (सांगली जिल्हा) यांचा प्रश्न

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जूनपासून शाळेच्या इंटरॅक्ट क्लबची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. ज्यांना हा प्रकार परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोटरी क्लबने पुरस्कृत केलेला हा १२ ते १८ वर्षांच्या विद्यार्थ्यांचा सेवा क्लब असतो. त्याचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार विद्यार्थीच असतात आणि शिक्षकाने मार्गदर्शनापुरते राहावे अशी अपेक्षा असते. आमच्याकडे आठवी ते दहावीची मिळून तीसेक मुले-मुली सभासद आहेत.

या वर्षीचा प्रकल्प मुलांनी सभेत स्वतः सुचवला आणि तो मला मनापासून आवडला. वाड्यावस्त्यांवरून आमच्या शाळेत येणाऱ्या काही मुलांना फळ्यावरचे नीट दिसत नाही. ती शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतात, त्यात मागे पडतात आणि वर्गात त्यांची ओळख ‘अभ्यासात लक्ष नसलेली’ अशी होऊन बसते. अशा मुलांचे डोळे तपासून घ्यायचे आणि त्यांना चष्मे मिळवून द्यायचे, असे ठरले आहे.

पैशाचा विषय निघाला की मात्र गाडी अडते. शाळेतील आजवरची पद्धत अशी की, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रत्येक सभासदाच्या हातात कूपनांचे एक पुस्तक द्यायचे, ते त्याने नातेवाइकांत आणि शेजाऱ्यांत खपवून आणायचे आणि सुट्टीनंतर सोडत काढून मिक्सर, भिंतीवरचे घड्याळ अशी बक्षिसे वाटायची. ज्याच्या वडिलांचे बाजारपेठेत दुकान आहे तो दोन दिवसांत पुस्तक संपवतो. ज्याचे आईवडील रोजावर जातात त्याची निम्मी कूपने शिल्लक राहतात, आणि ‘पोराची मान खाली जायला नको’ म्हणून बापच उरलेले पैसे भरतो. त्यावर कडी म्हणजे, सर्वांत जास्त कूपने खपवणाऱ्याचा पदग्रहण समारंभात सत्कार होतो. हे मला पुढे चालवायचे नाही, परंतु ‘मग पर्याय काय?’ असे सहकाऱ्यांनी विचारले की माझ्याकडे ठोस उत्तर नसते. मुलांनी पैसा उभा करणे मुळात योग्य आहे का, असल्यास कोणत्या मार्गाने, आणि तो पैसा सांभाळायचा कोणी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

निवृत्त_मुख्याध्यापक यांचे उत्तर

बाई, कूपनांची प्रथा बंद करण्यासाठी तुम्हाला भावनिक कारणे शोधण्याची गरज नाही, कारण कायदाच तुमच्या बाजूने आहे. पैसे घेऊन कूपन देणे आणि मग सोडत काढून बक्षीस देणे ही सरळ सरळ खासगी लॉटरी होते, आणि सरकारच्या परवानगीशिवाय ती चालवणे हा गुन्हा आहे. शाळांवर सहसा कोणी बोट ठेवत नाही, हा भाग वेगळा. पण संस्थेच्या सचिवांना हे एवढे एक वाक्य लेखी दिलेत, तर पुस्तके छापण्याचा विषय पुन्हा निघणार नाही.

दुसरी गोष्ट वर्गणीची. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील आणि गोळा करणारा गट नोंदणीकृत न्यास नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात ती हीच. तुमचा इंटरॅक्ट क्लब हा स्वतंत्र न्यास नव्हे. म्हणून देणगी घेण्याची वेळ आलीच, तर पावती शिक्षण संस्थेच्या किंवा पुरस्कर्त्या रोटरी क्लबच्या नोंदणीकृत न्यासाच्या नावानेच फाडली गेली पाहिजे. त्या न्यासाला प्राप्तिकराच्या ८०जी कलमाची मान्यता असेल, तर देणगीदाराला सवलतही मिळते. मात्र २,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिली तर ती मिळत नाही, हे व्यापारी मंडळींना आधीच सांगून ठेवावे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. मुलांनी पैसा उभा करावा का? माझे उत्तर ‘होय’ असे आहे, पण तो मागून आणलेला नसावा, कमावलेला असावा. मी बरीच वर्षे स्काउट पथक चालवले. स्काउट-गाइड चळवळीत ‘खरी कमाई’ नावाचा उपक्रम असतो, तो आपल्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. मुलगा कार्ड घेऊन घरोघर जाई, सायकल पुसणे, अंगण झाडणे, दळण आणणे असे काही काम करी आणि गृहिणी त्या कामाचे नाव, दिलेले पैसे आणि आपली सही कार्डावर करी. काम न करता पैसे घेणे या उपक्रमात बसतच नसे. एखाद्या घरी ‘राहू दे रे बाळा, हे घे पाच रुपये’ असे म्हणत, तेव्हा मुलाने ते नम्रपणे नाकारायचे असा आमच्या पथकाचा दंडक होता, आणि खरे सांगायचे तर मुलांना सगळ्यांत अवघड तेच जाई.

आज आठवीच्या मुलींना अनोळखी घरात पाठवावे, असे मी म्हणणार नाही. काळ बदलला आहे आणि पालकांची काळजी रास्त आहे. पण त्याच तत्त्वाचा सामूहिक प्रकार सहज करता येतो. दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस घराघरांत आवराआवर चालू असते आणि वर्षभराची रद्दी बाहेर काढलेली असते. वॉर्ड वाटून घ्या, चौघांचा एक गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक पालक किंवा शिक्षक द्या आणि रविवारी सकाळी रद्दी गोळा करा. आमच्या गावी हे चाले तेव्हा गटाजवळ एक ताणकाटा, सुतळीचे बंडल आणि चौरस रेघांची वही असे. घरासमोरच वजन करायचे, घरच्या माणसाला काट्यावरचा आकडा दाखवायचा आणि वहीत कुटुंबाचे नाव, किलो, सही एवढे लिहायचे. इंग्रजी वर्तमानपत्रे, मराठी वर्तमानपत्रे, वह्या आणि पुठ्ठा यांना रद्दीवाल्याकडे वेगवेगळा भाव मिळतो, हे मुलांना दुसऱ्याच घराशी कळते आणि मग ती आपण होऊन चार गठ्ठे बांधू लागतात. या उपक्रमाचा मोठा गुण असा की, दुकानदाराचा मुलगा आणि मजुराचा मुलगा यांची मिळकत सारखीच होते, कारण दोघांनीही दुसऱ्याच्याच घरची रद्दी उचललेली असते.

हिशेबाविषयी एवढेच सांगतो की पैसे एका मुलाने मोजू नयेत. दोघांनी मोजावेत, तिसऱ्याने लिहावे आणि त्याच दिवशी ते शाळेच्या कार्यालयात भरून पावती घ्यावी. जमाखर्चाचा कागद सूचना फलकावर लावावा. पूर्वी शाळांतून संचयिका, म्हणजे मुलांची बचत बँक, असे आणि तिच्या पासबुकातील नोंदी मुलेच करीत. तो संस्कार आता राहिला नाही, म्हणून तरी हे करावे.

कुदळ_फावडे यांचे उत्तर

मला वरील मत पूर्णपणे मान्य नाही. शाळकरी मुलांच्या सेवेत पैसा शिरला की सेवेचे मोजमाप रकमेत होऊ लागते, आणि शेवटी वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते धनादेश देतानाचे. गावातील पाणवठा साफ करणे, बंधाऱ्याला माती घालणे, वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हरे घालणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची औषधे आणून देणे यांपैकी कशालाही निधी लागत नाही. चष्म्यांसाठी पैसा लागत असेल तर तो मोठ्यांनी द्यावा. रोटरीचे सभासद काही गरीब नाहीत. मुलांनी श्रम द्यावेत.

रोटरीतला_एक यांचे उत्तर

मी आमच्या क्लबच्या वतीने तीन शाळांतील इंटरॅक्टचे काम पाहतो, म्हणून लिहितो. ‘रोटरीच्या सभासदांनी द्यावे’ ही सूचना ऐकायला बरी वाटते, परंतु इंटरॅक्टची रचना तशी नाही. पहिला इंटरॅक्ट क्लब १९६२ मध्ये अमेरिकेत, फ्लॉरिडातील मेलबर्न हायस्कूलमध्ये सुरू झाला, तेव्हापासून मुलांनी आपले उपक्रम आपल्या बळावर करावेत हीच अपेक्षा राहिली आहे. पुरस्कर्त्या क्लबने दिशा द्यावी, ओळखी करून द्याव्यात, गरज पडल्यास थोडी भर घालावी; सगळा खर्च त्यानेच उचलला तर मुलांकडे टाळ्या वाजवण्याखेरीज काही उरत नाही. दरवर्षी किमान दोन उपक्रम व्हावेत, त्यांपैकी एक शाळेच्या किंवा गावाच्या उपयोगाचा असावा आणि दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्य वाढवणारा, असाही संकेत आहे. दुसऱ्याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी ‘वेगवेगळ्या देशांचे झेंडे रंगवणे’ इतकाच घेतला जातो, पण तो वेगळा विषय.

एक व्यावहारिक अडचण बाईंनी लक्षात ठेवावी. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि त्या दिवशी क्लबचा अध्यक्ष बदलतो. मागील अध्यक्षांनी तोंडी कबूल केलेली मदत नव्यांना ठाऊक असतेच असे नाही. तेव्हा जे काही ठरेल त्याचे पत्र घ्या आणि चष्म्यांचे काम मार्चपूर्वी संपेल अशा बेताने आखा. पदग्रहण समारंभाबद्दलही बोलतो, कारण कोणी बोलत नाही. फ्लेक्स, शाली, श्रीफळे, सॅश आणि पाहुण्यांचा अल्पोपाहार यांवर काही शाळांत जेवढा खर्च होतो, तेवढा त्या क्लबच्या वर्षभराच्या सेवाकार्यावर होत नाही. समारंभ शाळेच्या परिपाठातच उरकून टाकावा, असे मी आमच्या क्लबमध्ये सुचवून पाहिले आहे. अद्याप कोणाच्या गळी उतरलेले नाही.

मुक्काम_फ्रीमॉन्ट यांचे उत्तर

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो आणि माझी मुलगी तिच्या हायस्कूलमधील की क्लबची खजिनदार आहे. की क्लब हा किवानिस या संस्थेने पुरस्कृत केलेला, इंटरॅक्टपेक्षाही जुना प्रकार. तो १९२५ मध्ये इथल्याच सॅक्रामेंटो हायस्कूलमध्ये सुरू झाला. मुलींना मात्र त्यात अधिकृत प्रवेश मिळायला १९७७ साल उजाडावे लागले.

पैसा कोणी सांभाळायचा, या प्रश्नापुरते मला सांगण्यासारखे आहे. आमच्या राज्यात सरकारी शाळांमधील विद्यार्थी संघटनेच्या निधीतून खर्च करायचा असेल, तर आधी तिघांची संमती लागते : शाळा मंडळाने नेमलेला अधिकारी, मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. हा कायद्याचा नियम आहे. तिसरी सही विद्यार्थ्याची असल्यामुळे मुलांना त्या पैशाचे मालकपण आणि ओझे दोन्ही जाणवते. मुलीने एकदा सही करायला नकार दिला, कारण बैठकीच्या इतिवृत्तात त्या खर्चाची नोंद नव्हती. शिक्षिका रागावल्या नाहीत. बैठक पुन्हा बोलावली गेली. आपल्याकडे एवढे होईल न होईल, पण खर्चाच्या कागदावर विद्यार्थी खजिनदाराची सही घेण्यास कोणतीच आडकाठी नसावी.

निधी उभारण्याचे इथले प्रकारही वाटतात तितके सोपे नाहीत. घरी भाजलेले केक आणि बिस्किटे विकणे ही जुनी रीत. परंतु पोषणाच्या निकषांत न बसणारे पदार्थ शाळेच्या वेळेत मुलांना विकण्यावर २०१४ पासून देशभर निर्बंध आहेत, त्यामुळे शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून मगच मुले टेबल मांडतात. मोटारी धुऊन पैसे मिळवणेही अनेक शहरांत आता नकोसे मानले जाते, कारण साबणाचे पाणी पावसाळी गटारांतून थेट खाडीत जाते. मला सगळ्यांत आवडतो तो १९५० पासूनचा एक प्रघात. हॅलोविनच्या संध्याकाळी दारोदार गोळ्या-चॉकलेटे मागत फिरणारी मुले आपल्याबरोबर युनिसेफची नारिंगी डबीही नेतात आणि लोक तिच्यात नाणी टाकतात. की क्लबची मुले त्या निधीला दरवर्षी हातभार लावतात.

इथले एक दुखणेही सांगते, म्हणजे केवळ कौतुक केले असे होणार नाही. की क्लबमध्ये प्रत्येक सभासदाने वर्षाला ५० तास सेवा करावी असे उद्दिष्ट असते, आणि कॉलेजच्या प्रवेश अर्जात हे तास लिहिता येतात. त्यामुळे कामापेक्षा तासांची सही मिळवण्याकडे ओढ असलेली मुले बरीच दिसतात. अन्नपेढीत डबे लावण्याच्या कामाला दहा मुले पुरेशी असताना तीस येतात, आणि वीस जण भिंतीला टेकून फोन पाहत असतात. तुमच्याकडे अजून हे लोण आले नसेल, तर प्रमाणपत्रांपासून जरा जपूनच राहा.

नेत्रविभाग यांचे उत्तर

वरील सर्वांनी पैसा कसा उभारावा हे लिहिले, पण तो किती लागेल हे अजून कोणी विचारलेले नाही. मी शासकीय रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून काम केले आहे, त्यावरून लिहितो.

बाई, तुमच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा येते का, हे आधी पाहा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतील १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व तिच्यात दृष्टिदोषही पाहिले जातात. शिवाय अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू असून, शाळांतील दृष्टिदोष असलेल्या गरजू मुलांना मोफत चष्मे देणे हा त्याचाच भाग आहे. म्हणजे ज्या वस्तूसाठी तुमची मुले दारोदार फिरणार, ती त्यांच्या हक्काची असून कदाचित तालुक्यातच उपलब्ध आहे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र द्या, सोबत संशयित मुलांची यादी जोडा आणि तपासणीचा दिवस मागून घ्या.

ती यादी तयार करणे हे खरे काम आहे आणि ते इंटरॅक्टची मुले उत्तम करू शकतील. त्यासाठी ‘ई’ अक्षराचा तक्ता पुरतो. तो चांगल्या उजेडात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा आणि सहा मीटरवर जमिनीवर खडूने रेघ मारावी. ‘ई’चे पाय ज्या दिशेला असतील त्या दिशेला मुलाने हात करायचा, वाचता येण्याची गरज नाही, त्यामुळे पहिलीच्या मुलांचीही तपासणी होते. एका वेळी एकच डोळा तपासावा आणि दुसरा डोळा तळहाताने किंवा पुठ्ठ्याने झाकावा, बोटांनी दाबू नये, कारण दाबलेला डोळा उघडल्यावर काही क्षण धूसरच दिसते. रांग खोलीच्या बाहेर ठेवा. आत रांग असली की मागची मुले पुढच्याला कुजबुजून उत्तरे सांगतात आणि ज्याला खरोखर दिसत नाही तोच नेमका ‘पास’ होतो. अर्थात ही फक्त चाळणी आहे. चष्म्याचा नंबर मुलांनी किंवा शिक्षकांनी काढायचा नाही.

पैसा लागतो तो याच्या पुढे. वस्तीवरून रुग्णालयात नेण्या-आणण्याचे एसटीचे किंवा वडापचे (खासगी प्रवासी जीपचे) भाडे, त्या दिवशी बरोबर येणाऱ्या आईची बुडालेली मजुरी आणि सहा महिन्यांनी मोडलेली काडी यांसाठी कोणत्याच योजनेत रक्कम नसते. दुसरे असे की, मोफत मिळालेला चष्मा बरीच मुले दप्तरातच ठेवतात, कारण वर्गात ‘ढापण्या’ म्हणून चिडवले जाते. ते थांबवण्याचे काम कोणताही डॉक्टर करू शकत नाही. ते त्यांच्याच वयाची मुले करू शकतात. आणि कृपया व्यासपीठावर चष्मेवाटपाचा कार्यक्रम करू नका. ज्याच्या नाकावर पाहुण्यांनी चष्मा चढवल्याचे छायाचित्र छापून येते, तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून तो चष्मा घालीत नाही.

फळा_खडू यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. नेत्रविभाग यांचे लेखन मी क्लबच्या सभेत वाचून दाखवले, तेव्हा खजिनदार मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे बाई, आपल्याला चष्म्यांचे पैसे जमवायचेच नाहीत!” तिच्या स्वरात थोडी निराशा होती, हेही नमूद करते, मुलांना मोठी रक्कम जमवण्याची हौस असतेच. नंतर मात्र प्रवासभाडे आणि दुरुस्ती यांचा अंदाज त्यांनीच फळ्यावर मांडला. आईच्या बुडालेल्या मजुरीचा आकडा काय धरावा यावर बराच वाद झाला, आणि ज्यांच्या घरी आई मजुरीला जाते त्या दोघींनी तो सोडवला. एकूण रक्कम कूपनांच्या रकमेच्या मानाने फारच लहान निघाली, त्यामुळे सध्या फक्त रद्दीचा उपक्रम करायचा असे ठरले आहे. मुख्याध्यापकांनी रुग्णालयाच्या पत्रावर सही केली असून तपासणीची तारीख मिळण्याची वाट पाहत आहोत. कुदळ_फावडे यांनाही सांगावेसे वाटते की, तक्ता लावून तपासणी करणे हे निव्वळ श्रमाचेच काम आहे आणि वर्षातील बहुतेक वेळ त्यातच जाणार आहे.

एक शंका उरली आहे. रद्दीतून गरजेपेक्षा अधिक पैसे आले तर त्यांचे काय करावे? मुलांपैकी काहींना सहल हवी आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक यांचे उत्तर

सहल नको. लोकांनी ज्या कामाचे नाव ऐकून रद्दी दिली, त्याच कामावर तो पैसा खर्च झाला पाहिजे. सहलीसाठी हवी तर वेगळी वर्गणी काढा. रद्दी गोळा करण्यापूर्वीच सभेत ठराव करून घ्या आणि त्याची एक प्रत सूचना फलकावर लावा. मजकूर असा ठेवता येईल : “रद्दी विक्रीतून मिळणारी रक्कम विद्यार्थ्यांच्या नेत्रतपासणीसाठीचा प्रवास, सोबत येणाऱ्या पालकाची बुडीत मजुरी आणि चष्म्यांची दुरुस्ती यांवरच खर्च करण्यात येईल. वर्षअखेर शिल्लक राहणारी रक्कम पुढील वर्षीच्या दुरुस्तीसाठी शाळेच्या खात्यात स्वतंत्र नोंदीने ठेवण्यात येईल.” खाली अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मार्गदर्शक शिक्षक अशा चार सह्या असाव्यात. रद्दीवाल्याशी भाव आधीच ठरवा आणि तो शाळेच्या आवारात येऊन माल उचलील असे त्याच्याकडून कबूल करून घ्या, नाही तर टेंपोचे भाडे त्याच पैशांतून जाईल.